अन्नमार्गाची रचना व कार्य : दिवेआगरच्या जेवणाच्या आणि विड्याच्या अनुषंगाने

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव मराठी भाषेच्या अभ्यासकांस शके ९८२ (इ. स. १०६०) च्या ताम्रपटामुळे परिचित आहे. सामान्य प्रवाशास ते समुद्रकिनारा, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि १९९७ साली सापडलेला सुवर्णगणेश यांमुळे ठाऊक असते. शरीरक्रियाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मात्र या गावाकडे आणखी एका दृष्टीने पाहण्याजोगे आहे. येथील जेवणात भात, मासे, ओला नारळ आणि आमसुलाची सोलकढी हे पदार्थ प्रामुख्याने असतात. म्हणजे पिष्टमय, प्रथिनयुक्त व स्निग्ध अशा तिन्ही प्रकारची द्रव्ये एकाच ताटात येतात. आणि जेवणानंतरच्या विड्यात जी सुपारी पडते, ती ‘श्रीवर्धनी रोठा’ या नावाने प्रसिद्ध असलेली सुपारी याच परिसरातील वाड्यांत पिकते.

विडा अन्न पचवितो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती कितपत खरी आहे, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. अन्न कोठे पचते, कशाने पचते, आणि त्या कामी उणीव कोणत्या ठिकाणी पडू शकते, हे आधी पाहावे लागते. प्रस्तुत लेखात याच क्रमाने अन्नमार्गाची रचना व कार्य यांचे विवेचन करून शेवटी विड्याच्या प्रश्नाकडे वळण्याचे योजिले आहे.

१. मार्गाची सर्वसाधारण रचना

मुखापासून गुदद्वारापर्यंत जाणारी अन्नमार्गाची नळी शवविच्छेदनात सुमारे नऊ मीटर लांब भरते. जिवंत माणसात स्नायूंच्या ताणामुळे ती बरीच आखूड असते. या नळीची पोकळी दोन्ही टोकांस बाहेरच्या जगाशी जोडलेली आहे. त्यामुळे गिळलेला घास पोटात गेला तरी तत्त्वतः तो अद्याप शरीराबाहेरच असतो, असे म्हणावयास हरकत नाही. नळीच्या भिंतीतून पार होऊन तो रक्तात किंवा लसीकेत शिरेल तेव्हाच तो खऱ्या अर्थाने शरीरात आला. पचन म्हणजे या प्रवेशाची पूर्वतयारी होय. भातातील पिष्टाचा किंवा माशातील प्रथिनाचा रेणू इतका मोठा असतो की तो भिंतीतून जाऊ शकत नाही; त्याचे लहान लहान घटकांत विभाजन व्हावे लागते.

अन्ननलिकेपासून पुढे भिंतीची घडण बहुतांशी सारखीच आहे. सर्वांत आत श्लेष्मल त्वचा, तिच्याबाहेर रक्तवाहिन्यांनी भरलेला अधःश्लेष्मल थर, त्याबाहेर स्नायूंचा थर आणि शेवटी बाह्य आवरण, असे चार थर सर्वत्र आढळतात. स्नायूंत आतील तंतू वर्तुळाकार व बाहेरील तंतू उभे असतात; जठरात तिरप्या तंतूंचा आणखी एक थर असतो. मागील वर्तुळ आवळते आणि पुढील सैल होते, ही क्रिया लाटेसारखी पुढे सरकत जाते. तिला क्रमसंकोच म्हणतात. या हालचालींचे नियमन भिंतीतच असलेल्या कोट्यवधी मज्जापेशींच्या दोन जाळ्यांकडे असते. मेंदूकडून येणारे संदेश त्यांच्यावर परिणाम करतात, परंतु ते संबंध तोडले तरी आतड्याची हालचाल थांबत नाही.

या रचनेविषयी एक जुना प्रश्न आहे. ज्या रसांनी बांगड्याचे मांस विरघळते त्याच रसांनी आपली जठर-आतडी का विरघळत नाहीत? दोन्ही अखेर प्रथिनांचीच बनलेली आहेत. पुढील विवेचनात या प्रश्नाचे उत्तर ठिकठिकाणी मिळेल, आणि विड्याच्या विचारात त्याचा उपयोग होईल.

२. मुख व अन्ननलिका

मुखातील काम दुहेरी आहे : दात घास बारीक करतात आणि लाळ त्याला भिजविते. कर्णमूलाजवळील, खालच्या जबड्याखालील आणि जिभेखालील अशा लालापिंडांच्या तीन प्रमुख जोड्या दिवसाकाठी सुमारे एक ते दीड लिटर लाळ स्रवतात. आंबट चवीने लाळ विशेष सुटते. सोलकढीच्या पहिल्या घोटाने तोंडास पाणी सुटते ते याचमुळे. लाळेतील अमायलेझ हे विकर पिष्टाच्या साखळ्या तोडून माल्टोज व तत्सम लहान शर्करा निर्माण करते. भात बराच वेळ चावला असता गोडसर लागतो, हा अनुभव प्रत्येकास घेता येईल. तथापि घास तोंडात फार थोडा वेळ राहतो. गिळलेल्या अन्नाच्या गोळ्याच्या मध्यभागी हे विकर जठरात गेल्यावरही काही काळ काम करते; आम्ल आत शिरताच ते निष्क्रिय होते.

चर्वणाचे महत्त्व लाळेतील विकराहून अधिक आहे. घास जितका बारीक तितका पुढील रसांस त्याचा अधिक पृष्ठभाग मिळतो. हे काम जठर व आतडी काही अंशीच भरून काढू शकतात. यासाठी जबडा मोकळेपणाने उघडला पाहिजे आणि गालाची आतील त्वचा मऊ व लवचिक राहिली पाहिजे, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

गिळताना श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते व घास सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून काही सेकंदांत जठरात पोहोचतो. हे काम क्रमसंकोचाने होते.

३. जठर

जठर ही कोठी आहे, घुसळणीचे यंत्र आहे आणि निर्जंतुकीकरणाचे स्थानही आहे. जठरातील पचनाविषयीचे पहिले पद्धतशीर ज्ञान एका अपघातातून मिळाले. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणास बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, परंतु त्याच्या जठरास बाहेर उघडणारे छिद्र कायम राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यवैद्याने रेशमी दोऱ्यास अन्नाचे तुकडे बांधून ते त्या छिद्रातून आत सोडले व ठरावीक वेळाने बाहेर काढून तपासले. त्याने आपली निरीक्षणे १८३३ साली प्रसिद्ध केली. जठररस शरीराबाहेर काढला तरी उबेत तो अन्न विरघळवितो, हे त्यातून सिद्ध झाले; म्हणजे पचन ही केवळ घुसळण किंवा कुजण्याची क्रिया नसून रासायनिक क्रिया आहे.

जठराच्या ग्रंथींतील पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात. दुसऱ्या पेशी पेप्सिनोजेन नावाचे निष्क्रिय द्रव्य स्रवतात. आम्लामुळे त्याचे पेप्सिन या प्रथिनभंजक विकरात रूपांतर होते. वरील प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते : शस्त्र पेशीत म्यान करून ठेवलेले असते आणि पोकळीत आल्यावरच ते उपसले जाते. दुसरे उत्तर असे, की श्लेष्म व बायकार्बोनेट यांचा एक थर जठराच्या भिंतीस सतत आच्छादून असतो. तिसरे उत्तर असे, की अन्नमार्गाच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडून त्यांच्या जागी नव्या येतात.

हा बंदोबस्त मोडला म्हणजे व्रण होतो. तिखट, मसाले व मनस्ताप हीच व्रणाची कारणे होत, असे पुष्कळ वर्षे मानले जात असे. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू व जठरव्रण यांचा संबंध दाखवून दिला. त्याबद्दल त्यांस २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. रूढ समजूत कितीही सार्वत्रिक असली तरी तिची परीक्षा झाली पाहिजे, याचे हे उदाहरण आहे.

जठररसाचा स्राव घास पोटात पडण्याची वाट पाहत नाही. अन्नाच्या दर्शनाने, वासाने व चवीने तो सुरू होतो, हे पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले (नोबेल पारितोषिक, १९०४). तळलेल्या माशाच्या वासाने भूक चाळवते, तेव्हा मेंदूकडून आलेला संदेश जठरापर्यंत पोहोचलेला असतो.

४. लघ्वांत्र, स्वादुपिंड व यकृत

जठरातून पातळ झालेले आम्लयुक्त अन्न थोडे थोडे करून ग्रहणीत, म्हणजे लघ्वांत्राच्या पहिल्या सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या भागात, सोडले जाते. पचनाचे मुख्य स्थान जठर नसून हे आहे. येथे स्वादुपिंडाचा रस व यकृताचे पित्त येऊन मिळते. स्वादुपिंड दिवसाकाठी सुमारे दीड लिटर रस स्रवते. त्यातील बायकार्बोनेट जठराम्लाचे उदासीनीकरण करते. अमायलेझ पिष्टाचे, लायपेझ स्निग्धांचे व ट्रिप्सिन वर्गातील विकरे प्रथिनांचे विघटन करतात. ट्रिप्सिनही निष्क्रिय रूपातच स्रवले जाते आणि आतड्याच्या अस्तरातील एका विकराने ते सक्रिय होते. हे सक्रियीकरण काही कारणाने स्वादुपिंडातच घडले तर तो अवयव स्वतःसच पचवू लागतो. तीव्र स्वादुपिंडदाह या भयंकर विकारात हेच घडते.

स्वादुपिंडास अन्न आल्याची वर्दी कशी लागते? लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ साली दाखविले, की आम्लाचा स्पर्श होताच ग्रहणीच्या अस्तरातून सेक्रेटिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते व रक्तावाटे स्वादुपिंडास उद्दीपित करते. अशा रासायनिक दूतांस पुढे ‘हॉर्मोन’ ही संज्ञा मिळाली. स्निग्ध व प्रथिन पदार्थांमुळे कोलेसिस्टोकायनिन हे दुसरे हॉर्मोन स्रवते. ते पित्ताशयाचा संकोच घडविते व स्वादुपिंडातून विकरांचा स्राव वाढविते. म्हणजे अन्नातील घटकच आपल्या पचनास लागणारे रस स्वतः मागवून घेतात. मागणी व पुरवठा यांची ही सांगड अत्यंत काटेकोर आहे.

पित्तात विकरे नसतात. त्यातील क्षार साबणाप्रमाणे कार्य करून स्निग्धाचे सूक्ष्म थेंब करतात, त्यामुळे लायपेझला काम करण्यास अवसर मिळतो. नारळाच्या स्निग्धाचे एक वैशिष्ट्य येथे सांगण्याजोगे आहे. त्यातील सुमारे निम्मे मेदाम्ल लॉरिक आम्ल असते आणि काही भाग त्याहूनही आखूड साखळीच्या मेदाम्लांचा असतो. लांब साखळीची मेदाम्ले लसीकावाहिन्यांच्या वळणाने रक्तात जातात. ही अगदी आखूड मेदाम्ले मात्र सरळ यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शिरतात.

५. शोषण, आणि पेजेतले मीठ

लघ्वांत्राच्या आतील पृष्ठभागावर वळ्या, वळ्यांवर बोटांसारखे रसांकुर आणि रसांकुरांच्या प्रत्येक पेशीवर सूक्ष्मांकुर अशी त्रिविध योजना आहे. हा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो, असे विधान अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. स्वीडनमधील हेलँडर व फेंड्रिक्स यांनी २०१४ साली केलेल्या नव्या मोजणीनुसार संपूर्ण अन्नमार्गाच्या अस्तराचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरते. हे क्षेत्र टेनिसच्या मैदानाहून पुष्कळच लहान असले तरी एका माणसाच्या त्वचेच्या कित्येक पट आहे.

शोषण ही केवळ झिरपण्याची क्रिया नव्हे. पेशीच्या आवरणातील वाहक प्रथिने ग्लुकोजला सोडियमच्या जोडीने आत घेतात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. तिचे व्यावहारिक फळ फार मोठे ठरले. अतिसारात आतड्यातून पाणी जात असतानाही ही जोडवाहतूक शाबूत असते. म्हणून मीठ व साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी तोंडाने दिल्यास ते शोषले जाते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला, आणि पटकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले.

कोकणात आजाऱ्यास मीठ घालून तांदळाची पेज देण्याची रीत आहे. या रीतीस वरील तत्त्वाचा आधार मिळतो. पेजेतील पिष्टापासून हळूहळू ग्लुकोज सुटते व मिठातील सोडियम त्याच्यासोबत आत जाते. पटकीमध्ये तांदळाच्या पिष्टावर आधारलेली द्रावणे गुणकारी ठरल्याचे पुढील संशोधनात दिसून आले आहे. अर्थात घरगुती पेज ही मोजून केलेल्या क्षार-शर्करा-द्रावणाची पूर्ण बदली नव्हे. परंतु परंपरेतील एक उपाय विज्ञानाच्या कसोटीस उतरला, हे नमूद करणे न्याय्य होईल.

६. बृहदांत्र

दररोज आपण सुमारे दोन लिटर द्रव तोंडाने घेतो, आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस व आंत्ररस मिळून आणखी सुमारे सात लिटर अन्नमार्गात स्रवतात. या नऊ लिटरांपैकी बहुतांश लघ्वांत्रात परत शोषला जातो. उरलेला बराचसा भाग सुमारे दीड मीटर लांबीचे बृहदांत्र शोषून घेते, आणि मलावाटे शंभर ते दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर पडते. शिजवून थंड केलेल्या भातातील काही पिष्ट लघ्वांत्रात पचत नाही. ते पिष्ट आणि भाजी-नारळातील तंतू बृहदांत्रातील जीवाणूंचे खाद्य होतात. जीवाणू त्यांपासून आखूड मेदाम्ले बनवितात व बृहदांत्राच्या पेशी त्यांवरच मुख्यतः पोसल्या जातात.

७. विड्याची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विड्यात नागवेलीचे पान, चुना, कात व सुपारी हे घटक असतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मुखाची स्वच्छता, रुची व सुगंध यांसाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांत सुपारीचा समावेश आहे. तेथे हेतू मुखशुद्धीचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सुपारीतील मुख्य क्रियाशील द्रव्य म्हणजे ॲरेकोलीन हे अल्कलॉइड. लालापिंड व आतड्याचे स्नायू यांना उद्दीपित करणाऱ्या मज्जातंतूंचे कार्य जे द्रव्य घडविते, त्याच्याच ग्राहकांवर ॲरेकोलीन क्रिया करते. त्यामुळे लाळ सुटते, आतड्याची हालचाल वाढते, अंगास ऊब येते व किंचित घाम येतो. ‘जेवण हलके झाले’ ही भावना अगदी निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. एके काळी पशुवैद्यकात कुत्र्यांच्या पोटातील फीतकृमी पाडण्यासाठी याच द्रव्याचा वापर होत असे.

परंतु संवेदना व पचन या दोन भिन्न गोष्टी होत. विडा खाल्ला जातो तेव्हा जेवण जठरात पोहोचलेले असते आणि तेथील आम्लात लाळेच्या विकराचे काम लवकरच संपते. पुढील खरे पचन ग्रहणीत, अन्नानेच बोलावलेल्या रसांनी व्हावयाचे असते. या रसांची निरोगी माणसास उणीव असते काय? दिमॅग्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली दाखविले, की स्वादुपिंडाचा विकरस्राव नेहमीच्या एकदशांशाहून खाली आल्याशिवाय स्निग्धाच्या पचनात लक्षणीय बिघाड दिसत नाही. जेथे राखीव सामर्थ्य इतके मोठे आहे, तेथे बाहेरून दिलेल्या उत्तेजनाने पचनात भर पडण्यास फारसा वाव उरत नाही.

लाभ असा नाममात्र आहे. हानी मात्र नाममात्र नाही. श्वार्ट्झ यांनी १९५२ साली केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंडाच्या आतील त्वचा फिकी व ताठर होण्याचा विकार वर्णिला. १९५३ साली मुंबईतील एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन करून त्यास तंतुमयतेचे नाव दिले. आज मुखाची अधःश्लेष्मल तंतुमयता या नावाने तो ओळखला जातो. ॲरेकोलीनमुळे तंतुजनक पेशी अधिक कोलॅजेन बनवितात. सुपारीतील टॅनिन जातीची द्रव्ये त्या कोलॅजेनचे विघटन रोखतात. सुपारीतील तांबे कोलॅजेनचे धागे एकमेकांस जखडणाऱ्या विकरास चालना देते. निर्मिती वाढली, विघटन घटले आणि बांधणी घट्ट झाली, म्हणजे गालांत दोरखंडासारखे पट्टे तयार होतात. निरोगी माणसाच्या तोंडात साधारणतः तीन बोटे उभी मावतात. या रुग्णास हळूहळू दोन, मग एक बोटही घालणे कठीण होते. तिखट सोसत नाही, घास चावता येत नाही. पचनास साह्य म्हणून घेतलेला पदार्थ पचनाच्या पहिल्याच दारास कडी घालतो.

याहून गंभीर गोष्ट अशी, की या विकाराचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. केरळात एर्नाकुलम येथील रुग्णांच्या सतरा वर्षांच्या निरीक्षणात हे प्रमाण ७.६ टक्के आढळल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ८५ व्या प्रबंधात सुपारीची गणना, तंबाखूविनाही, माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. २०१२ च्या प्रबंधात तंबाखूविरहित विड्याचा संबंध मुखाबरोबरच अन्ननलिकेच्या कर्करोगाशीही जोडण्यात आला. जठरातील श्लेष्मथर, निष्क्रिय विकरे, पेशींचे नूतनीकरण हे सर्व संरक्षण शरीराने आपल्या स्वतःच्या रसांविरुद्ध उभारले आहे. गालात तासन्‌तास धरलेल्या सुपारीविरुद्ध मात्र मुखाच्या अस्तराजवळ असा बंदोबस्त नाही.

८. उपसंहार

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. त्या बंदीने सुपारीचा प्रश्न संपत नाही, कारण दिवेआगरसारख्या गावांत पोफळ हे उपजीविकेचे साधन आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्यांची अतोनात हानी झाली. नवी पोफळ फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात. मोडलेल्या वाडीत पुन्हा काय लावावे, हा प्रश्न म्हणूनच तेथील बागायतदारास एका पिढीच्या हिशेबाचा असतो. त्यास ‘सुपारी सोडा’ एवढेच सांगणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी यांसारखी मसाल्याची आंतरपिके घेण्याची पद्धत कोकणात रुजलेली आहे. पोफळीच्या गळालेल्या पानाच्या रुंद देठापासून ताटे-वाट्याही करता येतात. शिवाय पूजेत गणपती म्हणून मांडलेल्या सुपारीने कोणास रोग होत नाही. रोग होतो तो चघळण्याने.

सारांश, अन्नमार्ग ही स्वतःचे नियमन स्वतः करणारी, भरपूर राखीव सामर्थ्य असलेली संस्था आहे. तिच्या कार्यक्रमाच्या कसोटीवर मीठ घातलेली पेज उतरते आणि विड्यातील सुपारी उतरत नाही. दोन्ही रीती एकाच किनाऱ्यावरच्या, एकाच घरातल्या व सारख्याच आदराने जपलेल्या आहेत. परंपरेतील प्रत्येक रीतीची अशी स्वतंत्र परीक्षा करणे हे आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. आणि त्या परीक्षेचा निकाल प्रथम ज्यांच्या वाडीवर पडणार, त्यांच्याशी तो त्यांच्या भाषेत बोलणे, हेही त्याच कामात मोडते.